खातंय, खेळतंय, मग डॉक्टरकडे कशाला न्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात सहा वर्षांचा लॅब्रॅडॉर आणि अकरा वर्षांची मांजर. दोघंही नीट खातात, खेळतात, झोपतात. आजवर वर्षातून एकदा लस टोचून आणायची, एवढंच ठरलेलं होतं. आता डॉक्टर म्हणतात, लस असो नसो, कुत्र्याला वर्षातून एकदा आणि मांजरीला दर सहा महिन्यांनी दाखवा, रक्त-लघवीही तपासू. हे खरंच लागतं, की बिल वाढवायची युक्ती आहे?

शंका रास्त आहे. गरज नसताना लांबलचक पॅकेज गळ्यात मारणारे आमच्या धंद्यात आहेत, हे २२ वर्षं याच कामात काढल्यामुळे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून काय करावं याबरोबर काय करू नये तेही सांगतो. पण 'खातंय, खेळतंय' या निकषाशी माझं भांडण आहे. मांजरीच्या किडन्यांचं दोन तृतीयांश काम बंद पडलेलं असतं तेव्हाही ती बहुधा खात असते. थायरॉइड वाढलेली मांजर तर नेहमीपेक्षा जास्त खाते, आणि म्हातारपणी भूक सुधारली म्हणून घरचे खूश असतात. हिरडीखाली पू झालेला कुत्रा जेवण सोडत नाही, फक्त एका बाजूने चावायला लागतो. भूक जायला लागेपर्यंत बऱ्याच आजारांचा निम्म्याहून जास्त प्रवास झालेला असतो.

सुरुवातीच्या वर्षांतली माझीच एक चूक सांगतो. एक काळा-पांढरा बोका दर वर्षी लसीला यायचा. अंगाने तगडा, स्वभावाने तापट. पिंजऱ्यातून काढला की दिसेल त्याला बोचकारायचा, म्हणून मी अर्ध्या मिनिटात लस टोचून मोकळा व्हायचो. वजनकाटा बाहेरच्या खोलीत, तिथवर त्याला न्यायचा कोणी? चौथ्या वर्षी तो आला आणि मुकाट्याने टेबलावर बसून राहिला. वजन भरलं ३.१ किलो. हे उतरलेलं वजन होतं का? किती दिवसांत उतरलं? जुनं कार्ड उघडलं, तर तिन्ही वर्षांची लसीची लेबलं ओळीने चिकटवलेली आणि वजनाचे तिन्ही रकाने कोरे. त्याला मधुमेह होता आणि तो किती जुना हे सांगायला आमच्याकडे काहीच नव्हतं. तेव्हापासून वजन केल्याशिवाय माझ्याकडे सिरिंजमध्ये लस भरली जात नाही.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर खरं तर त्या कोऱ्या रकान्यांत आहे. नियमित तपासणी हवी ती या जनावराची तुलना त्याच्याशीच करता यावी म्हणून. एका दिवसाची तपासणी फार तर आज काय आहे ते सांगते. तीन वर्षांच्या नोंदी समोर असल्या की काय सरकतंय ते दिसतं.

तुमच्या मांजरीचंच बघा. समजा गेल्या वर्षी ती ४.६ किलो होती, सहा महिन्यांनी ४.४ भरली, आता ४.२. उचलून हा फरक कळत नाही, आणि रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तर मुळीच नाही. पण ४०० ग्रॅम म्हणजे तिच्या वजनाच्या जवळजवळ ९ टक्के. ६५ किलोच्या माणसाचं वजन काही न करता साडेपाच किलोंहून जास्त उतरलं, तर तो डॉक्टरकडे धावेल. मांजरीच्या बाबतीत मात्र 'वयामुळे जरा वाळली' एवढ्यावर विषय संपतो. वय हा आजार नाही. वजन उतरण्यामागे किडनी, थायरॉइड, मधुमेह, दात, आतडी यांतलं काहीतरी बहुतेक वेळा सापडतं. घरी वजन करायचं असेल तर बाळांसाठी असतो तसा काटा वापरा. मांजर कडेवर घेऊन माणसांच्या काट्यावर उभं राहिलं, तर आपल्याला हवा असलेला फरक त्या काट्याच्या चुकीतच बुडून जातो.

आता रक्ततपासणी. सगळ्यात जास्त गैरसमज आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. रिपोर्टमध्ये प्रत्येक आकड्यापुढे जी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते, ती साधारणपणे निरोगी जनावरांपैकी ९५ टक्के ज्यात बसतात ती. म्हणजे ठणठणीत जनावरांपैकीही ५ टक्के प्रत्येक चाचणीत बाहेर पडणारच. वीस वेगवेगळ्या चाचण्या एकदम केल्या तर ठणठणीत कुत्र्याचा निदान एक तरी आकडा लाल शाईत येण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या वर जाते. गणिताचा भाग आहे, आजाराचा नाही. म्हणून दोन वर्षांच्या उड्या मारणाऱ्या कुत्र्याला चाळीस चाचण्यांचं पॅकेज करायला लावणं मला पटत नाही. एक आकडा किंचित वर दिसतो, त्यापायी सोनोग्राफी, मग पुन्हा रक्त, आणि शेवटी काहीच निघत नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. एकाच जनावराचे आकडे वर्षानुवर्षं फारसे हलत नाहीत. किडनीसाठी बघितलं जाणारं क्रिएटिनिन मर्यादेबाहेर जातं तोवर किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं, असं आम्हाला शिकवलं जातं आणि अनुभवही तसाच आहे. मग मर्यादेतल्या आकड्याचा उपयोग काय? उपयोग असा: तुमच्या मांजरीचं क्रिएटिनिन आठव्या वर्षी १.० असेल, दहाव्या वर्षी १.३ आणि आता १.६, तर प्रयोगशाळेच्या कागदावर तिन्ही वेळा 'नॉर्मल'च छापून येईल. ओळीने तिन्ही बघणाऱ्याला मात्र चढण दिसते. त्यात मांजर वाळत असेल तर तो आकडा खऱ्यापेक्षा कमीच दिसतो, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि तिचे स्नायूच कमी झालेले असतात. एसडीएमए नावाची रक्ततपासणी त्यामानाने लवकर बोलते, सरासरी ४० टक्के काम घटलं की वाढायला लागते. तरीही माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे लघवीचा घट्टपणा. एक थेंब छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रावर टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. मांजराची लघवी १.०३५ च्या वर असायला हवी. पाण्यासारखी पातळ, १.०१५ वगैरे आली, की किडनीला पाणी राखता येत नाही असं समजायचं आणि कारण शोधायला लागायचं. ही तपासणी स्वस्त आहे, दोन मिनिटांत होते, आणि तरी सर्वांत जास्त वेळा हीच वगळली जाते, कारण मांजराची लघवी मिळवायची कशी हा प्रश्न असतो. त्याचं उत्तर शेवटी देतो.

आणखी एक सांगून ठेवतो. मांजराची रक्तातली साखर एकदा जास्त आली म्हणून घाबरू नका. पिंजरा, गाडी, शेजारचा भुंकणारा कुत्रा, एवढ्यावर निरोगी मांजराची साखर चढते. अशा वेळी फ्रुक्टोसामीन नावाची रक्ततपासणी करायची, त्यात मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते.

हे सगळं यंत्रांचं झालं. पण तपासणीतला मोठा भाग हात, डोळे आणि कान यांचाच असतो, आणि त्याला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं लागतात. कुत्रा दारातून आत येतानाच अर्धं काम सुरू होतं: मागचे पाय जवळजवळ टाकतो का, बसताना एका कुल्ल्यावर कलतो का, वळताना पंजा घासतो का. टेबलावर घेतला की ओठ वर करून हिरडी बोटाने दाबायची. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. जबड्याखाली, खांद्यापुढे, काखेत, जांघेत आणि गुडघ्यामागे लसिकाग्रंथी चाचपायच्या. छातीवर स्टेथोस्कोप ठेवताना दुसरा हात मांडीच्या आतल्या नाडीवर असतो, कारण हृदयाचा प्रत्येक ठोका नाडीपर्यंत पोचतोय का हे एकाच वेळी बघावं लागतं. मग पोट. मांजराच्या पोटात दोन्ही किडन्या बोटांना स्वच्छ लागतात, एक लहान-खडबडीत आणि एक मोठी असेल तर तेही कळतं. कान, डोळे, नखं. म्हाताऱ्या मांजराची नखं झिजत नाहीत, आणि अंगठ्याचं नख वळून पंजाच्या गादीत रुतलेलं मी किती वेळा काढलं असेल याची गणती नाही. घरच्यांना फक्त 'हल्ली जरा लंगडते' एवढंच दिसलेलं असतं. यातलं काहीच न करता, पिंजऱ्याबाहेर न काढता नुसतं इंजेक्शन टोचून कार्डावर सही मिळाली, तर ती तपासणी नव्हे, आणि तसं तुम्ही डॉक्टरांना जरूर विचारा.

तोंडाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच. तीन वर्षांची होईपर्यंत बहुतेक कुत्र्या-मांजरांच्या हिरड्यांत काही ना काही सुरू झालेलं असतं. दातावरचा मऊ थर लाळेतल्या क्षारांनी दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो आणि मग ते किटण ब्रशने निघत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा जोर लावून घासण्यापेक्षा रोज वीस सेकंद, फक्त बाहेरच्या बाजूने, मऊ ब्रश फिरवणं कितीतरी चांगलं. माणसांची टूथपेस्ट वापरू नका. जनावर ती थुंकत नाही, गिळतं, आणि तिच्यात झायलिटॉल हा गोडव्यासाठी घालतात तो पदार्थ असेल तर कुत्र्याची साखर धोकादायकरीत्या उतरते, यकृतालाही इजा होते. भूल न देता दात खरवडून चकचकीत करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. दिसणारा दात पांढरा होतो, रोग मात्र हिरडीखाली असतो आणि तिथे जागं जनावर अवजार घालू देत नाही. चावायला देण्याच्या वस्तूंसाठी एक सोपी कसोटी: अंगठ्याचं नख दाबलं तर ती थोडी तरी दबली पाहिजे. हाडं, शिंगं असल्या दगडासारख्या वस्तूंनी वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरते, आणि तो तुकडा पडलेला महिनोन्महिने कुणालाच कळत नाही.

तुमच्या लॅब्रॅडॉरबद्दल माझी पहिली शंका वजनाचीच असेल, तोंड न पाहताच सांगतो. यात त्याचा फारसा दोषही नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात साधारण चारपैकी एका लॅब्रॅडॉरमध्ये भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडा गायब असल्याचं आढळलं. पोट भरल्याचा निरोपच त्यांना नीट मिळत नाही. त्याच जातीवरचा दुसरा एक अभ्यास आम्ही सगळेच वारंवार सांगतो. ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या २४ जोड्या केल्या, दोघंही एकाच वेतातले. एकाला जेवढं दिलं त्यापेक्षा २५ टक्के कमी दुसऱ्याला, जन्मभर. निष्कर्ष २००२ मध्ये छापून आले: कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. सांधेदुखीचे उपचारही कमी खाणाऱ्यांना बरेच उशिरा लागले. आणि यातली मेख अशी की जास्त खाणारे कुत्रे काही अगडबंब नव्हते, चारचौघांत 'छान भरलेला आहे' म्हणावं असेच होते. इतका फायदा देणारं औषध माझ्या कपाटात एकही नाही.

घरी बघायची युक्ती: हात सपाट धरून पंजाच्या पाठीवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. तिथली हाडं जशी लागतात, तशा कुत्र्याच्या बरगड्या लागायला हव्यात. मूठ वळून बोटांच्या गाठींवर लागतं तसं लागलं तर तो फार वाळलाय. तळहाताच्या बाजूने चाचपल्यासारखं, मऊ गादीखाली हाड शोधावं लागलं, तर जाड आहे. केसाळ जनावरात डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हातावर ठेवा.

हृदयाचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी देतो. लहान जातींच्या कुत्र्यांत उतारवयात हृदयाची झडप जाड होऊन गळायला लागते आणि स्टेथोस्कोपमध्ये 'लब-डब'च्या जागी 'शूऽ' असा आवाज येतो. पूर्वी हा आवाज ऐकून आम्ही काय करायचो? कार्डावर लिहून ठेवायचो आणि खोकला सुरू व्हायची वाट बघायचो. २०१६ मध्ये एपिक नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ज्या कुत्र्यांत लक्षणं काहीच नाहीत पण हृदय मोठं झालंय, त्यांना पिमोबेंडन हे हृदयाचं औषध सुरू केलं तर हृदय कमकुवत पडण्याची वेळ सरासरी १५ महिन्यांनी पुढे गेली. म्हणजे खोकला यायच्या आधी तो आवाज कुणीतरी ऐकणं, मग एक्स-रे किंवा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून हृदयाचा आकार मोजणं, याला आता खरा अर्थ आहे. आवाज नसलेल्या कुत्र्याला उगाच इको करायची मात्र गरज नाही. घरी तुम्ही करू शकता ते एकच आणि फार मोलाचं: गाढ झोपेत असताना एक मिनिट छाती वर-खाली होताना मोजा. कुत्रा असो वा मांजर, ३० च्या खाली हवं. स्वप्नात पाय झाडत असेल तेव्हा मोजू नका. महिन्यातून एकदा मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. नेहमी १८ असणाऱ्याचे २८ झाले, तरी मला ते कळायला हवं.

गाठी. 'चरबीची असेल' हे वाक्य मी स्वतः बोटांनी चाचपून म्हणत नाही आणि कुणी म्हटलं तर ऐकतही नाही. सहा-सात वर्षांच्या लॅब्रॅडॉरला चरबीच्या गाठी होतातच, पण मास्ट सेल ट्यूमर ही कॅन्सरची गाठ हाताला अगदी तशीच लागू शकते. गाठ एक सेंटीमीटरहून मोठी असेल किंवा महिनाभर टिकून असेल, तर सुईने चार पेशी काढून काचपट्टीवर बघायच्या. भूल लागत नाही. गाठ कुठे आहे ते अंगाच्या चित्रावर मापासकट नोंदवून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वर्षी 'ही तीच का नवी' असा घोळ होत नाही.

लसींविषयी लोकांना वाटतं त्याहून गोष्टी बदललेल्या आहेत. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून दोन-चार आठवड्यांच्या अंतराने टोचत १६ आठवडे किंवा त्यापुढे शेवटचा डोस का देतात? आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं लसीलाच मारून टाकतात आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. बाराव्या आठवड्यात 'कोर्स पूर्ण' समजून बाहेर फिरवलेली पिल्लं पार्वो या विषाणूच्या आजाराने गेलेली मी पाहिली आहेत. डब्ल्यूएसएव्हीए या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनाप्रमाणे त्यानंतरचा डोस वर्षाची वाट न बघता सहा महिन्यांच्या सुमारास दिलेला बरा. पुढे डिस्टेंपर, पार्वो, ॲडिनोव्हायरस यांच्या जिवंत लसी तीन वर्षांहून कमी अंतराने द्यायचं कारण नाही. लेप्टोस्पायरा या जिवाणूची लस मात्र दर वर्षीच लागते, तिची प्रतिकारशक्ती टिकत नाही. रेबीजच्या बाबतीत लसीच्या कंपनीने दिलेली मुदत आणि तिथला कायदा यांत जे सांगितलं असेल ते पाळायचं, तिथे हुशारी नको, कारण माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांकडून येतो आणि लक्षणं दिसल्यावर त्यावर इलाज नाही. तेव्हा 'दर वर्षी सगळ्या लसी' हे जुनं झालं, पण 'यंदा लस नाही म्हणून जायला नको' हे चूक. मांजराला टोचलेल्या जागी गाठ आली तर लक्ष ठेवा: तीन महिन्यांनंतरही असेल, दोन सेंटीमीटरहून मोठी झाली, किंवा महिन्यानंतरही वाढतच असेल, यांतलं एकही झालं तर तुकडा काढून तपासायचा.

जंत आणि गोचीड यांचं लवकर उरकतो. पिल्लांना जंत आईच्या पोटातूनच येतात, म्हणून दोन आठवड्यांपासून औषध. मोठ्यांना किती वेळा द्यायचं हे शी तपासून आणि राहणीप्रमाणे ठरवावं. अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण प्रकरणाच्या जेमतेम ५ टक्के, बाकी अंडी-अळ्या-कोश अंथरुणात आणि फटींत असतात, त्यामुळे एका महिन्याच्या औषधाने काही होत नाही. गोचिडातून एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्ताचे आजार येतात. कुत्र्याच्या हिरडीवर किंवा पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर सकाळची वाट बघू नका. गोचीड मारणाऱ्या हल्लीच्या गोळ्या उत्तम आहेत, पण कुत्र्याला कधी फिट आलेली असेल तर आधी सांगा. आणि तुमच्या घरात दोन्ही आहेत म्हणून ठळक अक्षरांत समजा: कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, ते मांजरीच्या जिवावर बेततं. तिला लावायचं नाहीच, पण कुत्र्याला लावल्यावर ते थेंब वाळेपर्यंत तिला त्याच्याजवळ झोपूही द्यायचं नाही.

अकरा वर्षांची मांजर म्हणजे माणसाच्या हिशोबात साधारण साठीची. तिच्यासाठी दोन गोष्टी जादा. एक, सांधे. २००२ मध्ये छापलेल्या एका पाहणीत १२ वर्षांपुढच्या मांजरांचे एक्स-रे बघितले, तर १०० पैकी ९० मध्ये सांध्यांची झीज दिसली. पण मांजर लंगडत नाही, ती बेत बदलते. ओट्यावर एका उडीत चढणारी आधी खुर्चीवर, मग ओट्यावर जाते. पाठीचा मागचा भाग चाटणं सोडते, तिथले केस गुंततात. शी-लघवीसाठी ठेवलेल्या मातीच्या ट्रेची कड उंच वाटायला लागते म्हणून बाहेर घाण करते आणि बोलणी खाते. दवाखान्यात ती हलतच नाही, त्यामुळे हे मला दिसणार नाही. घरी उडी मारतानाचा, जिना उतरतानाचा व्हिडिओ काढून आणा, तो माझ्या तपासणीइतकाच कामाचा असतो. दुखतंय असं वाटलं तर घरातली पॅरासिटामॉल मात्र चुकूनही नाही, एका गोळीने मांजर दगावू शकतं. दुसरी गोष्ट, रक्तदाब. किडनी किंवा थायरॉइडबरोबर तो चढतो आणि काहीच लक्षण न दाखवता एके सकाळी मांजर आंधळी होऊन भिंतीला धडकते. डोळ्याचा पडदा सुटलेला असतो, आणि बहुतेकदा दृष्टी परत येत नाही. छोटा पट्टा पायाला किंवा शेपटीला बांधून पाच-सात वेळा मोजतात, त्याआधी तिला शांत बसू द्यायचं.

आता न लपवता दुसरी बाजू. तपासणी झाली म्हणजे वर्षाची हमी मिळाली असं नाही. एका आठ वर्षांच्या कुत्र्याला मी सगळं उत्तम म्हणून घरी पाठवलं आणि पाच आठवड्यांनी तो कोसळला. पानथरीतली गाठ फुटली होती. माझ्या बोटांना ती लागली नव्हती. मांजरांतही हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार कसलाही आवाज न करता असू शकतो. अशा वेळी घरच्यांनी 'मग तपासून काय उपयोग झाला' असं विचारलं, तर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नसतं.

तुमच्या दोघांसाठी मी काय करीन ते सांगतो. लॅब्रॅडॉर: यंदा पूर्ण अंगतपासणी, वजन आणि शरीराच्या ठेवणीचा गुण (जाड की वाळलेला ते), शीची तपासणी, गोचीड अंगावर सापडत असतील तर त्यांच्या आजारांची चाचणी, आणि एकदा पायाभूत म्हणून साधं रक्त व लघवी. ते ठीक आलं तर रक्त पुढच्या वर्षी नाही केलं तरी चालेल, आठव्या वर्षापासून दर वर्षी. हाडांचे एक्स-रे फक्त चालीत काही दिसलं तर. ॲलर्जी पॅनेल, कॅन्सरचे रक्तातले मार्कर वगैरे यादीत असेल तर खुशाल खोडा. मांजर: दर सहा महिन्यांनी वजन, तोंड, अंगतपासणी आणि रक्तदाब. रक्त, टी-४ (थायरॉइडची तपासणी) आणि लघवी वर्षातून एकदा, आणि वजन उतरताना दिसलं तर लगेच. प्रत्येक रिपोर्टची प्रत मागून घ्या आणि स्वतःकडे ठेवा. डॉक्टर बदलतात, संगणक बिघडतात.

लघवीची गोष्ट राहिली. सकाळी घरातून ट्रे उचलून ठेवा, म्हणजे ती येताना मूत्राशय भरलेलं असेल. सोनोग्राफीवर बघत बारीक सुईने थेट पोटातून दोन मिली काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण बहुतेक मांजरांना रक्त काढण्याइतकंही कळत नाही. रक्तासाठी आठ-दहा तास उपाशी ठेवा, पाणी चालू द्या. पिंजरा आदल्या रात्री माळ्यावरून काढू नका, तो बघताच ती पलंगाखाली जाईल. आठवडाभर आधी दार उघडं टाकून, तिची नेहमीची चादर घालून कोपऱ्यात ठेवून द्या. आणि नवा घेत असाल तर ज्याचं वरचं झाकण निघतं तसा घ्या. झाकण काढलं की ती खालच्या अर्ध्या भागात तिच्या चादरीवरच बसून राहते आणि माझी निम्मी तपासणी तिला बाहेर न ओढता होऊन जाते.